बिली गुडमनचं कार्ड आणि सरकून बसणारी माणसं

(सार्वजनिक व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्यातली रूपं शक्यतो तशीच ठेवली आहेत.)

मागच्या वेळी निघताना मी म्हटलं होतं, की पुढचं व्याख्यान एका पुठ्ठ्याच्या तुकड्यावर असेल. काहींना वाटलं सर गंमत करतायत. गंमत नव्हती. पडद्यावर दिसतोय तो हाच तुकडा. साधारण पावणेसात सेंटिमीटर रुंद, साडेनऊ सेंटिमीटर उंच. कोपरे झिजलेत, मधोमध एक घडी पडलीये. १९५२ सालचं बेसबॉल कार्ड आहे हे, टॉप्स नावाच्या च्युइंगगमच्या कंपनीनं काढलेलं. क्रमांक २३. खेळाडूचं नाव बिली गुडमन, संघ बॉस्टन रेड सॉक्स.

हे माझ्याकडे कसं आलं ते आधी सांगतो. माझी मुलगी बॉस्टनजवळ राहते. तिचा मुलगा, माझा नातू, तिथल्या मुलांच्या संघात बेसबॉल खेळतो. एका उन्हाळ्यात मी तिकडे असताना तो रडकुंडीला येऊन घरी आला. म्हणाला, "आजोबा, सगळ्यांना आपापली जागा आहे. मला कोच रोज वेगळीकडे उभं करतो. मला माझी जागाच नाही." मला बेसबॉलचं फारसं कळत नव्हतं, त्यामुळे समजूत कशी काढायची तेही कळेना. दोन-तीन दिवसांनी जुन्या कार्डांच्या एका दुकानात शिरलो आणि दुकानदाराला विचारलं, की ज्याला स्वतःची जागाच नव्हती असा एखादा चांगला खेळाडू तुमच्या इथे झालाय का? त्यानं काचेखालच्या पेटीतून हे कार्ड काढलं. किंमत म्हणाल तर दोघांच्या साध्या जेवणाच्या बिलाइतकी. नातवासाठी घेतलं होतं. पण मीच वाचत बसलो, आणि मग माझ्याकडेच राहिलं. नातवाला दुसरं घेऊन दिलं, ही कबुली देऊन पुढे जातो.

कार्ड ही काय वस्तू आहे

आमच्या लहानपणी आम्ही काडेपेटीचे छाप जमवायचो. ज्याच्याकडे जास्त छाप तो आळीतला सावकार. बेसबॉल कार्डांची सुरुवात साधारण अशीच आहे. १८८० च्या दशकात अमेरिकेतल्या सिगारेट कंपन्यांनी पाकिटात खेळाडूंची छोटी चित्रं घालायला सुरुवात केली. पाकिट चेपू नये म्हणून पुठ्ठा, आणि गिऱ्हाईक परत यावं म्हणून त्यावर चित्र, असा दुहेरी हिशेब. पुढे मुलांपर्यंत पोहोचायचं म्हणून तंबाखूची जागा गोळ्या आणि बबलगमनं घेतली. दुसऱ्या महायुद्धानंतर बोमन नावाची कंपनी या धंद्यात पुढे होती. तिला टक्कर द्यायला टॉप्स उतरली.

१९५२ चा टॉप्सचा संच या सगळ्या इतिहासातला मैलाचा दगड मानतात. कंपनीतला एक तरुण नोकर, साय बर्गर, यानं वुडी गेलमन या सहकाऱ्याबरोबर ब्रुकलिनमधल्या आपल्या घरी, स्वयंपाकघराच्या टेबलावर त्याची आखणी केली. एकूण ४०७ कार्डं. समोर खेळाडूचं रंगवलेलं छायाचित्र, नाव, छापील सही आणि संघाचं चिन्ह. मागे जन्म, उंची, वजन, थोडकी माहिती आणि आकड्यांचा तक्ता. खेळाडूचा चेहरा छापायचा हक्क कुणाचा, यावर बोमनवाले आणि टॉप्स यांच्यात कोर्टकचेरीही झाली. १९५३ मध्ये त्या खटल्याचा जो निकाल लागला, त्यातूनच स्वतःच्या प्रसिद्धीवरचा हक्क ही कल्पना अमेरिकन कायद्यात आली. मुलांच्या गोळ्यांच्या पाकिटातून कायद्याचं तत्त्व निघालं, हे आमच्या तत्त्वज्ञानवाल्यांना आवडण्यासारखं आहे.

याच संचात ३११ क्रमांकाचं कार्ड मिकी मँटलचं आहे. त्याची एक उत्तम स्थितीतली प्रत ऑगस्ट २०२२ मध्ये १ कोटी २६ लाख डॉलरला विकली गेली. त्या वेळच्या दरानं शंभर कोटी रुपये धरा. एवढी दुर्मीळ का? तर संचातली शेवटची कार्डं हंगाम संपत आल्यावर बाजारात आली, खपली नाहीत, आणि १९६० च्या सुमाराला उरलेला माल बर्गरनं एका बोटीवर चढवून अटलांटिक समुद्रात बुडवला. हे त्यानं स्वतःच पुढे सांगितलं आहे. गुडमनचं कार्ड मात्र पहिल्या खेपेतलं. ते बुडालंही नाही आणि कोटींना विकलंही गेलं नाही.

जागा म्हणजे काय

आता बेसबॉल न बघणाऱ्यांसाठी दोन शब्द. क्रिकेटमध्ये कप्तान क्षेत्ररक्षकाला "जरा डावीकडे सरक" म्हणतो. गोलंदाज बदलला, फलंदाज बदलला, की सगळं मैदान हलतं. बेसबॉलमध्ये तसं नसतं. नऊ जागा ठरलेल्या असतात: पिचर, कॅचर, फर्स्ट बेस, सेकंड बेस, थर्ड बेस, शॉर्टस्टॉप आणि आउटफिल्डचे तिघं. प्रत्येक जागेचं कसब वेगळं. थर्ड बेसवाल्याकडे चेंडू तोफेसारखा येतो, आणि त्याला तो मैदान ओलांडून पार पहिल्या बेसपर्यंत फेकावा लागतो. सेकंड बेसवाला चेंडू घेऊन वळून फेकत असतो, तेव्हा धावणारा गडी घसरत त्याच्या पायांवर येत असतो. फर्स्ट बेसवाल्याचा हातमोजासुद्धा निराळा. आणि बॉस्टनच्या फेनवे पार्कमध्ये लेफ्ट फिल्डला उभं राहायचं म्हणजे पाठीमागे ३७ फूट उंचीची हिरवी भिंत. चेंडू तिच्यावर आपटून कसा परत येईल याचा अंदाज बांधण्यात माणसाची हयात जाते.

म्हणून तिथे खेळाडूची ओळख जागेवरून होते. "तो कोण?" याचं उत्तर "शॉर्टस्टॉप" असं येतं. पण प्रत्येक संघात एक-दोघे असे असतात, की जे पडेल तिथे उभे राहतात. त्यांना युटिलिटी प्लेयर म्हणतात. आपला 'अष्टपैलू' हा शब्द इथे चालत नाही. अष्टपैलू म्हटलं की आपल्याला बॅटिंगही करतो आणि बोलिंगही करतो असा संघाचा हिरा आठवतो. युटिलिटी प्लेयरचं नशीब तसं नसतं. त्याला बहुतेक वेळा बाकावर बसून कुणाचं काय दुखतंय याची वाट बघायची असते.

माझ्या विषयातली एक आठवण इथे येते. प्लेटोनं आदर्श नगराची मांडणी केली तेव्हा म्हटलं, की ज्यानं त्यानं आपापलं एकच काम करावं, दुसऱ्याच्या कामात हात घालू नये. न्याय म्हणजे तरी हेच. अॅरिस्टॉटलही एके ठिकाणी डेल्फीच्या सुरीचं उदाहरण देतो. ती अनेक कामांना चालेल अशी बनवलेली, म्हणजे काटकसरीची. निसर्ग तसा कंजूष नाही, तो एका कामासाठी एक हत्यार करतो, असं त्याचं म्हणणं. आपल्याकडे स्वधर्माची कल्पना आहेच. म्हणजे जगभरच्या थोर विचारवंतांनी माझ्या नातवाच्या तक्रारीला दुजोराच दिला होता, की माणसाला आपली एक जागा हवी. डेल्फीच्या सुरीच्या बाजूनं बोलणारं कुणी नाही. मला गुडमन महत्त्वाचा वाटतो तो इथे.

१९५० चा उन्हाळा

बिली गुडमनचा जन्म १९२६ चा, नॉर्थ कॅरोलायनातल्या काँकॉर्ड गावचा. सडपातळ अंगाचा, डावखुरी बॅटिंग करणारा आणि उजव्या हातानं फेकणारा. ताकदीचा खेळाडू नव्हे. चेंडू प्रेक्षकांत भिरकावणं त्याला फारसं जमलंच नाही. सोळा हंगामांत मिळून १९ होमरन. पण चेंडू मोकळ्या जागेत ढकलावा तर त्यानंच. १९४८ मध्ये तो बॉस्टनचा नेहमीचा फर्स्ट बेसमन झाला आणि त्यानं .३१० च्या सरासरीनं बॅटिंग केली. बेसबॉलमध्ये सरासरी म्हणजे हिट भागिले संधी. दहा संधींत तीन वेळा नीट चेंडू मारला तर .३००, आणि तेवढ्यावर माणसाचं नाव होतं.

म्हणजे १९५० चा हंगाम सुरू झाला तेव्हा गुडमनला जागा होती. हे लक्षात ठेवा. हा मुळात बिनजागेचा माणूस नव्हता.

हंगामाच्या सुरुवातीलाच त्याच्या घोट्याच्या हाडाला इजा झाली आणि तो बाहेर बसला. त्याच्या जागी खालच्या साखळीतून वॉल्ट ड्रोपो नावाचा एक धिप्पाड जवान बोलावला. तात्पुरता. आता 'तात्पुरता' हा शब्द आपल्याला सगळ्यांना माहीत आहे. ड्रोपोनं असा काही सपाटा लावला, की त्या वर्षी .३२२ सरासरी, ३४ होमरन, आणि त्याच्या फटक्यांवर १४४ धावा. तो त्या वर्षीचा सर्वोत्तम नवोदित ठरला. गुडमनचा पाय बरा झाला आणि तो परत आला, तेव्हा त्याच्या जागेवर दुसरं कुणी उभं होतं आणि त्याला हलवणं कुणालाच शक्य नव्हतं.

संघही साधा नव्हता. त्या वर्षी रेड सॉक्सनं १०२७ धावा केल्या आणि अख्ख्या संघाची सरासरी .३०२ होती. एखाद्या खेळाडूची नव्हे, संघाची. सेकंड बेसला बॉबी डोअर, शॉर्टस्टॉपला व्हर्न स्टीव्हन्स, थर्ड बेसला जॉनी पेस्की, सेंटर फिल्डला डॉम डिमॅजिओ, लेफ्ट फिल्डला टेड विल्यम्स. घुसायचं कुठे? गुडमन बाकावर बसला, आणि ज्याला जिथे गरज पडेल तिथे उभा राहू लागला.

मग ११ जुलैला शिकागोत ऑल-स्टार सामना झाला. राल्फ कायनरनं मारलेला चेंडू पकडताना टेड विल्यम्स भिंतीवर आदळला. झेल घेतला, पण डाव्या हाताचं कोपर मोडलं. विल्यम्स म्हणजे त्या काळचा सर्वश्रेष्ठ बॅटर. त्याच्या जागी कोण जाणार? गेला गुडमन. आउटफिल्ड हा त्याचा प्रांत नव्हता, पण त्या वर्षी तो आउटफिल्डमध्ये ४५ सामने खेळला. थर्ड बेसला २७, फर्स्ट बेसला २१, सेकंड बेसला ५ आणि शॉर्टस्टॉपला १. आणि या सगळ्या धावपळीत बॅटिंग करत राहिला. हंगामाच्या शेवटाकडे लोकांच्या ध्यानात आलं, की सबंध अमेरिकन लीगमध्ये सगळ्यात वरची सरासरी या बदली माणसाची आहे.

पेस्की

सप्टेंबरच्या मध्याला विल्यम्स परतला. लेफ्ट फिल्ड अर्थातच त्याचं. मग गुडमनचं काय? सरासरीच्या विजेतेपदासाठी हिशेबात धरायचं तर साधारण ४०० संधी हव्यात, असा तेव्हाचा दंडक होता. बाकावर बसला तर ते पुरे होणार नाहीत. इतकी सुंदर सरासरी कागदावर राहणार आणि किताब दुसऱ्याला जाणार.

या वेळी जॉनी पेस्की पुढे झाला. स्टीव्ह ओनील तेव्हा संघाचा मॅनेजर होता. पेस्कीनं त्याला सांगितलं, की मी बसतो, थर्ड बेसला बिलीला खेळवा.

इथे थोडं थांबायला हवं. पेस्की कुणी म्हातारा झालेला, बॅट चालेनाशी झालेला खेळाडू नव्हता. त्या वर्षी त्याची स्वतःची सरासरी .३१२ होती. कारकिर्दीतल्या पहिल्या तिन्ही हंगामांत, म्हणजे १९४२, आणि मध्ये युद्ध, मग १९४६ आणि १९४७, त्यानं दर वर्षी दोनशेवर हिट मारून लीगमध्ये पहिला क्रमांक लावला होता. आणि गंमत अशी, की थर्ड बेस ही त्याचीही मूळ जागा नव्हे. तो शॉर्टस्टॉप. १९४८ मध्ये स्टीव्हन्स संघात आला तेव्हा त्याच्यासाठी पेस्की थर्ड बेसला सरकला होता. म्हणजे एकदा सरकलेला माणूस दुसऱ्यांदा सरकला, आणि या वेळी तर मैदानाबाहेरच.

हाच पेस्की १९४६ च्या वर्ल्ड सिरीजच्या सातव्या सामन्यासाठी बदनाम आहे. इनॉस स्लॉटर पहिल्या बेसवरून थेट घरापर्यंत धावत आला, आणि लोक म्हणाले पेस्कीनं चेंडू क्षणभर हातात धरून ठेवला. त्या एका क्षणावर किती लिहिलं गेलंय! चेंडू धरून ठेवला की नाही यावर अजून वाद चालतो. आणि चार वर्षांनी त्यानं जागा सोडली, त्याची आठवण बॉस्टनच्या जुन्या प्रेक्षकांना असते, चरित्रात दोन ओळी येतात, बस्स. चुकीची नोंद ठळक होते आणि औदार्याची पुसट राहते. इतिहासाच्या विद्यार्थ्यांनी याचा विचार करावा.

१५० भागिले ४२४

शेवटी गुडमनचा हिशेब असा झाला: ११० सामने, ४२४ संधी, १५० हिट. भागाकार करून बघा, .३५४. अमेरिकन लीगचा तो त्या वर्षीचा सर्वोत्तम बॅटर. ठरलेली जागा नसताना. सर्वात मौल्यवान खेळाडूच्या मतदानात यांकीजच्या फिल रिझुटोनंतर त्याचा दुसरा क्रमांक लागला. रेड सॉक्स मात्र तिसरे राहिले, यांकीजच्या चार सामने मागे.

सरासरीत दुसरा आला डेट्रॉइटचा जॉर्ज केल, .३४०. पण केलच्या ६४१ संधी होत्या आणि २१८ हिट. आता मला सांगा, ६४१ वेळा रोज उन्हातान्हात उभा राहिलेला मोठा, की ४२४ वाला? प्रश्न रास्त आहे, मी तो टाळणार नाही. पण ज्याला आज आपण खेळणार का, खेळलो तर कुठे, हे सकाळी माहीत नसतं, त्याच्या ४२४ चं वजन कोणत्या तराजूत करायचं? आकडे त्याच्या बाजूनंही बोलत नाहीत आणि केलच्या बाजूनंही पुरतं बोलत नाहीत. संधी किती मिळाल्या ते आकडा सांगतो. त्या कशा मिळाल्या ते सांगायला दुसरं काही लागतं.

आता कार्ड उलटं करूया. पुढची स्लाइड. हा मागचा तक्ता बघा. रकाने दोनच, एक मागच्या वर्षाचा आणि एक आजवरच्या कारकिर्दीचा. कार्ड १९५२ चं, म्हणून मागचं वर्ष १९५१. ज्या वर्षामुळे या माणसाचं नाव झालं त्या १९५० ला या तक्त्यात स्वतंत्र रकानाच नाही. ते कारकिर्दीच्या बेरजेत विरघळून गेलंय. कुठल्या जागेवर किती सामने, तोही रकाना नाही. आणि पेस्कीसाठी तर जगातल्या कुठल्याच कार्डावर रकाना नसतो.

पेस्कीचं कार्डही याच संचात आहे, क्रमांक १५. ते छापून बाजारात आलं त्याच वर्षी, जूनमध्ये, बॉस्टननं पेस्की आणि ड्रोपो दोघांनाही एका मोठ्या अदलाबदलीत डेट्रॉइटला देऊन टाकलं. बदल्यात कोण आलं? इतरांबरोबर जॉर्ज केल. म्हणजे ज्यानं गुडमनची जागा घेतली तोही गेला, ज्यानं त्याला जागा दिली तोही गेला, आणि ज्याचा किताब हुकला तो त्याचा सहकारी झाला. डोअर पाठदुखीमुळे १९५१ नंतर निवृत्त झाला होता. गुडमन पुढची वर्षं मुख्यतः सेकंड बेसला खेळला. १९५७ मध्ये त्याला बॉस्टननं सोडलं. मग बॉल्टिमोर, शिकागो आणि शेवटी १९६२ मध्ये ह्यूस्टन. कारकिर्दीची सरासरी बरोबर .३००. १९८४ मध्ये तो वारला.

एका सामन्यात नऊच्या नऊ जागांवर खेळण्याचे प्रयोगही झालेत. १९६५ मध्ये बर्ट कॅम्पानेरिसनं ते केलं, १९६८ मध्ये सेझर टोवारनं. टोवार पिचर म्हणून उभा राहिला तेव्हा समोर पहिला बॅटर कॅम्पानेरिसच आला, हा योगायोगही मजेदार आहे. पण तो एका दिवसाचा सोहळा होता, तिकिटं खपावीत म्हणून केलेला. गुडमनचं तसं नव्हतं. त्याची ती नोकरी होती.

ज्यांना सरकून जागा दिली नाही

इथपर्यंत गोष्ट गोड आहे. पण ती इथेच संपवली तर मी तुमची फसवणूक केली असं होईल.

१६ एप्रिल १९४५ ला याच फेनवे पार्कमध्ये जॅकी रॉबिन्सन आणि आणखी दोन कृष्णवर्णीय खेळाडूंची चाचणी घेतली गेली. दबावामुळे घेतली, आणि मग संघाकडून काहीच झालं नाही. दोन वर्षांनी, १९४७ मध्ये, तोच रॉबिन्सन ब्रुकलिन डॉजर्सकडून मोठ्या साखळीत उतरला. आणि कुठे खेळला माहीत आहे? मूळचा शॉर्टस्टॉप, पहिल्या वर्षी फर्स्ट बेसला. मग सेकंड बेसला. पुढे थर्ड बेसला आणि लेफ्ट फिल्डला. जिथे सांगाल तिथे उभा राहणारा याहून मोठा खेळाडू त्या काळात शोधून सापडायचा नाही, आणि तो बॉस्टनच्या दारात येऊन परत गेला होता. रेड सॉक्समध्ये पहिला कृष्णवर्णीय खेळाडू खेळला तो जुलै १९५९ मध्ये, पम्प्सी ग्रीन. मोठ्या साखळीतल्या तेव्हाच्या सोळा संघांत सगळ्यात शेवटी.

म्हणजे १९५० च्या त्या संघात एका गोऱ्या सहकाऱ्यासाठी बाकावर जाऊन बसणारा माणूस होता, आणि त्याच संघाच्या कचेरीत कातडीचा रंग बघून दार लावून घेणारेही होते. पेस्कीचं मोठेपण यानं कमी होत नाही. पण औदार्य दाराच्या आतल्या माणसांत फिरत होतं, हे म्हटल्याशिवाय त्याची गोष्ट पुरी होत नाही. रॉबिन्सनचं कार्ड याच १९५२ च्या संचात आहे, क्रमांक ३१२, मँटलच्या लगेच पुढचं. म्हणजे जी शेवटची खेप समुद्रात बुडाली तिच्यातलं.

आपल्याकडे लोकलमध्ये तिघांच्या बाकावर चौथा येतो आणि म्हणतो, "जरा सरकून घ्या." आपण सरकतो. निदान कुरकुरत का होईना, सरकतो. पण कुणासाठी सरकतो आणि कुणाला दारातच उभं ठेवतो, हे ज्याचं त्यानं आठवून बघावं. आपल्या समाजाचा इतिहासही याच प्रश्नानं तपासता येतो.

सेवापुस्तक

आता थोडं स्वतःचं, आणि थांबतो.

मी नोकरीला लागलो ते लीव्ह व्हेकन्सीवर. म्हणजे कुणी रजेवर गेलं की त्याच्या जागी. काही वर्षं असं चाललं. तर्कशास्त्र शिकवलं, नीतिशास्त्र शिकवलं, मानसशास्त्राचे तास घेतले, एक टर्म तर चक्क इंग्रजी निबंध तपासले. जूनमध्ये नेमणूक, मार्चमध्ये निरोप. घरी लग्नाचं बोलणं चाललेलं, आणि मुलीकडचे विचारायचे, "मुलगा नक्की कशात आहे?" वडील म्हणायचे, कॉलेजात आहे. पुढचं कुणी विचारू नये अशी त्यांची इच्छा असायची.

शेवटी एक पद निघालं, पण वर्कलोड भरत नव्हता. तास कमी, म्हणून पद मंजूर होणार नाही. तेव्हा आमच्या विभागातल्या एका वडीलधाऱ्या सरांनी स्वतःचे तर्कशास्त्राचे तास माझ्या नावावर केले. वीस वर्षं ते तर्कशास्त्र शिकवत होते, त्यांच्या तासाला दुसऱ्या वर्गातली मुलं येऊन बसायची. आणि स्वतः त्यांनी पहिल्या वर्षाचा, कुणालाच नको असलेला सक्तीचा पेपर घेतला. दीडशे मुलांचा वर्ग, मागच्या बाकांवर गोंधळ. मला एवढंच म्हणाले, "मला आता तेच तेच शिकवायचा कंटाळा आलाय." मी ते खरं मानलं. मानणं सोयीचं होतं.

निवृत्त झालो तेव्हा सेवापुस्तक हातात आलं. नेमणुकीची तारीख, वेतनश्रेण्या, रजा, सगळे रकाने भरलेले. त्यात त्या सरांचं नाव कुठेच नाही. असायचं कारणही नाही, तसा रकानाच नसतो. पण मीही कुठे सांगितलं नाही. निरोप समारंभात मी अर्धा तास बोललो, प्लेटोपासून सगळ्यांचे आभार मानले, आणि त्यांचा उल्लेख राहिला. विसरलो म्हणू का? विसरलो नव्हतो. मी हे पद स्वतःच्या गुणांवर मिळवलं असं सभागृहाला वाटत होतं, आणि ते मला तसंच वाटू द्यायचं होतं. सर तेव्हा हयात होते. दुसऱ्या रांगेत बसले होते. समारंभ संपल्यावर येऊन पाठीवर हात ठेवून म्हणाले, "छान बोललास."

गुडमनची गोष्ट वाचताना मला आधी वाटलं होतं, की हा आपल्यासारखा, बिनजागेचा माणूस. पण कार्ड पुन्हा पुन्हा बघताना माझं लक्ष क्रमांक २३ वरून १५ वर गेलं. बॉस्टननं पेस्कीची आठवण उशिरा का होईना ठेवली. फेनवे पार्कमधल्या उजव्या बाजूच्या खांबाला त्याचं नाव आहे, २००८ मध्ये त्याचा ६ हा क्रमांक संघानं कायमचा राखून ठेवला, आणि २०१२ मध्ये तो गेला. आमच्या सरांच्या नावाचा खांब कुठे नाही. म्हणून हे व्याख्यान.

नातवाला मी फोनवर ही सगळी गोष्ट सांगितली. त्यानं शांतपणे ऐकली आणि विचारलं, "पण आजोबा, पेस्कीला वाईट नाही का वाटलं बाकावर बसून?" मी म्हटलं, वाटलं असणार. तो म्हणाला, "मग मी बाकावर असेन तेव्हा त्याची आठवण काढीन." या वाक्यावर मला काही भाष्य करता आलं नाही, आजही करत नाही.

एवढंच म्हणतो, की घरी गेल्यावर आपापली सेवापुस्तकं, पदव्या, पुरस्काराच्या फ्रेमा एकदा उलट्या करून बघा. तिथे एखादं नाव लिहायचं राहिलं असेल आणि तो माणूस हयात असेल, तर आजच फोन करा. मला तेवढा वेळ मिळाला होता, मी तो घालवला.

आता प्रश्न असतील तर घेऊ. आणि कुणीतरी त्या मागे उभ्या असलेल्या मंडळींना जागा द्या, मगाचपासून उभे आहेत ते.